उन्हाळ्याच्या सुटीत अख्खं लीळाचरित्र : ५० दिवसांत होईल का?

ओसरीवरची | ३ मे, रात्री ९.४०

परवा १ मेला झेंडावंदन झालं, निकाल वाटले आणि शाळेला कुलूप लागलं. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्या विदर्भात ऊन पाहून आठ-दहा दिवस उशिरा. म्हणजे माझ्या हातात ५० दिवस आहेत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गाव मोर्शी तालुक्यातलं. इथून रिद्धपूर १४ किलोमीटर. बावीस वर्षं मी मुलांना सांगत आले की आपल्या शेजारच्या या गावात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र लिहिलं, तेराव्या शतकात, ज्ञानेश्वरीच्याही आधी. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ आलं, तेही अभिमानानं सांगते. पण ते पुस्तक मी स्वतः वाचलेलं नाही. डी.एड.ला दोन उतारे होते, तेवढेच. यंदा ठरवलं की सुटीत अख्खं वाचायचं. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध, सगळं.

तालुक्याच्या वाचनालयातून वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली प्रत आणली आहे. चांगलीच जाड आहे. लीळा, म्हणजे छोटे छोटे प्रसंग, हजाराच्या वर. दिवसाला बावीस-पंचवीस झाल्या तर जमतं, असा हिशेब मांडलाय. माझी मुलगी आठवीत जाईल, तिलाही सोबत वाचायचंय. घरात सासूबाई आहेत, वाळवणाचे दिवस आहेत आणि नात्यातली दोन लग्नं आहेत.

ज्यांनी सुटीत असं मोठं काही हाती घेतलं असेल त्यांनी सांगा. जमतं का? मूळ भाषेत वाचावं की आधी आजच्या मराठीतलं? आणि मुलीला यात ओढणं बरोबर आहे का?

कवेलू | ३ मे, रात्री १०.०५

ताई, मनापासून शुभेच्छा. धाग्यावर बसलोय.

बगीचेवाला | ३ मे, रात्री ११.५०

ताई, राग नोका मानू, पन हे ५० दिवसाचं काम नोहे. मे मयन्यात सकायी आठलेच ऊन चटकते, दुपारी डोकं चालत नाई अन् रातच्याले लाइनीचा भरोसा नाई. मी मांगच्या साली एक जाडी कादंबरी धरली होती. अर्धी झाली अन् मिरीग लागला. मंग पेरनीच्या धांदलीत तिच्याकडं पायलंच नाई. आजून तशीच हाये, खून म्हनून बियाण्याच्या थैलीचा तुकडा घातला हाये तिच्यात.

माहा संत्र्याचा बगीचा आंबिया बहाराचा हाये. ज्याचा मृग बहार असते त्याचा बगीचा आता तानावर सोडेल राहते, त्याले मे मंधी काम नाई. मले मात्र राती लाइन आली की पानी द्या लागते. आताबी मोटरीपाशीच बसून लिवून रायलो. वाच्याची लय इच्छा हाये, पन वाचावं कवा ते तुमीच सांगा.

वणीचा_पोट्टा | ४ मे, सकाळी ७.१५

ताई, मी गेल्या सुटीत ३० पुस्तकांचा संकल्प केला होता आणि पूर्ण केला. भिंतीवर कोळशानं रेघ मारायचो, एक पुस्तक एक रेघ. शेवटी शेवटी पातळ पुस्तकं शोधायला लागलो, हे खरं आहे. पण त्या रेघांमुळेच रोज वाचायची सवय लागली, त्यामुळे मोजण्याला कुणी नावं ठेवली तर मला पटत नाही.

मुलीच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. आठवीच्या मुलीला सातशे वर्षांपूर्वीच्या भाषेत उतरवू नका. ती दमेल आणि वाचनालाच कंटाळेल. तिच्या हातात उद्धव शेळक्यांचं 'धग' द्या. १९६० साली आलेली कादंबरी, पण त्यातली कौतिक आपल्याच गल्लीत राहते असं वाटतं. किंवा गो. नी. दांडेकरांचं 'पूर्णामायची लेकरं'. माणूस परतवाड्यात जन्मला आणि त्यानं आपली वऱ्हाडी कादंबरीत आणली. मी बारावीपर्यंत समजायचो की पुस्तकात 'मले-तुले' लिहिलं की ते चुकीचं असतं. 'धग' वाचताना पहिल्यांदा आईचं बोलणं छापलेलं पाहिलं आणि रडू आलं. आधी ते, मग म्हाइंभट.

गुरुकुंजाकडून | ४ मे, सकाळी ८.३०

जय गुरुदेव. मी तिवसा तालुक्यातला. माझा सल्ला ग्रामगीतेचा. तुकडोजी महाराजांनी ४१ अध्याय करून ठेवलेत, रोज एक घेतला तर ४१ दिवसांत पूर्ण होते आणि वर नऊ दिवस उरतात, दोन्ही लग्नं त्यात बसतील. आमच्या गावात सामुदायिक प्रार्थनेनंतर आम्ही असंच वाचतो. शाळेतली पोरं आळीपाळीनं वाचतात. भाषा सोपी, विषय आपल्याच गावाचा : स्वच्छता, शेती, भांडणं, व्यसन.

ताईंना लीळाचरित्र वाचू नका असं म्हणत नाही. पण गावात राहून मोठं पुस्तक पुरं करायची रीत आपल्याकडे आधीपासून आहे. शेगावच्या गजाननविजयाचे २१ अध्याय लोक एका बैठकीत वाचतात. सप्ताहात सात दिवसांत ज्ञानेश्वरी होते, नऊ हजारांवर ओव्या.

पांढरकवडा_ते_पुणे | ४ मे, सकाळी ९.१०

दादा, पारायणात आणि वाचनात फरक आहे. सप्ताहात ओव्या भराभरा पुढं जातात, कळतं किती? मी लहानपणी तीन सप्ताह बसलो आणि मला एका ओवीचा अर्थ सांगता आला नसता.

गुरुकुंजाकडून | ४ मे, सकाळी ९.४५

मला आला असता. म्हणजे लगेच नाही. पण चाळिशीत शेतात एकटा असताना एखादी ओवी आपोआप तोंडात येते आणि उलगडते. ती तोंडात कुठून आली? त्या सात दिवसांतूनच ना, भाऊ. शब्द आधी अंगात मुरतात, अर्थ त्याच्या वेळेनं येतो. हे मी अनुभवानं सांगतो.

निवृत्त_मराठी | ४ मे, दुपारी १.२०

तीस वर्षं महाविद्यालयात हे पुस्तक शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बाई, आधी हे लक्षात घ्या की लीळाचरित्र ओव्यांचं नाही, गद्य आहे. शके १२०० म्हणजे १२७८ च्या सुमाराचं, आणि त्यातली वाक्यं छोटी छोटी. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभट गावोगाव हिंडले. ज्यानं जे पाहिलं-ऐकलं त्याच्याकडून ते मिळवलं आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेतलं. पुढे मूळ पोथी लुटालुटीत हरवली आणि वेगवेगळ्या शिष्यांनी ती आठवून पुन्हा लिहिली, असं परंपरा सांगते. म्हणून तिचे अनेक पाठ आहेत. नंतर ही पोथी सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत, कित्येक शतकं मठांमध्ये राहिली. राजवाडे, भावे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लिपीचा उलगडा केला. १९३० च्या दशकात ह. ना. नेने यांनी नागपुरातून ती छापली, आणि १९७८ साली कोलते यांची प्रत आली, तीच तुमच्या हातात आहे. कोलते आपले बुलढाणा जिल्ह्यातले.

भाषेचं म्हणाल तर नेहमी येणारे दहा-बारा शब्द मुलीला वहीत उतरवून द्या, अर्धं कुलूप तिथंच उघडतं. 'गोसावी' आणि 'सर्वज्ञ' म्हणजे चक्रधर. 'श्रीप्रभु' किंवा 'राऊळ' म्हणजे रिद्धपूरचे गोविंदप्रभू. 'भटोबास' म्हणजे नागदेवाचार्य. 'आरोगणा' म्हणजे जेवण, 'व्याळी' म्हणजे रात्रीचं जेवण. 'पहुड' झोपणं, 'उपहुड' उठणं. 'विहरण' फिरायला जाणं, 'बिढार' मुक्काम, 'अटन' भटकंती. 'पूजावसर' पूजेची वेळ.

वणीच्या मुलाशी मी सहमत नाही. 'धग' जरूर वाचावी, पण आठवीची मुलगी जुनी भाषा झेपवू शकत नाही हे आपण मोठी माणसं ठरवतो. मुलांना अनोळखी शब्दाची भीती नसते, त्यांच्यासाठी निम्मं जग अनोळखी शब्दांचंच असतं. फक्त एकटीला देऊ नका. मोठ्यानं वाचा.

सरगुंडे | ४ मे, दुपारी ४.००

वाळवणाचे दिवस म्हणालात म्हणून विचारते, तुमच्याकडे सरगुंडे झाले का? आमच्या दिग्रसकडे अजून गहूच भिजले नाहीत. आंब्याचा रस आणि सरगुंडे खाल्ल्यावर दुपारी बावीस लीळा वाचून दाखवणाऱ्या बाईला माझ्याकडून लुगडं.

ओसरीवरची | ४ मे, रात्री ९.००

सरगुंडे उद्या. आणि लुगडं तयार ठेवा, ताई.

सर, शब्दांची यादी लेकीनं आताच वहीत उतरवली. 'बिढार' वाचून सासूबाई म्हणाल्या, "हे तं आपलं बिऱ्हाड." उद्यापासून सुरू करतो.

दंडवत_प्रणाम | ५ मे, सकाळी ६.३०

दंडवत प्रणाम. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या महानुभाव. तुम्ही आमचा ग्रंथ वाचायला घेताय, खूप आनंद झाला. पण एक गोष्ट मनाला लागली ती बोलतो. दिवसाला पंचवीस लीळा हा हिशेब आमच्या रीतीला धरून नाही. आमची आजी एक लीळा ऐकायची आणि दिवसभर काम करताना ती आठवत राहायची. आमच्याकडे स्मरण याला साधना म्हणतात. स्वामी कसे बसले, कुणाला काय म्हणाले, हातात काय होतं, हे डोळ्यांपुढं आणायचं. पंचवीस लीळा एका दिवसात डोळ्यांपुढं येणार नाहीत.

पोथी जमिनीवर ठेवू नका, खाली स्वच्छ कापड असू द्या, एवढी विनंती.

वणीचा_पोट्टा | ५ मे, सकाळी ७.००

दादा, तुमची श्रद्धा मान्य. पण रोज एक लीळा म्हटलं तर हजारांवर लीळांना तीन वर्षं लागतील. ताईंनी प्रश्न ५० दिवसांचा विचारलाय.

दंडवत_प्रणाम | ५ मे, सकाळी ७.२०

लागू द्या की तीन वर्षं.

तेंदूपान | ६ मे, रात्री ८.४५

गडचिरोलीच्या एका टोकाहून लिहिते, रेंज मिळाली की पाठवीन. तुमचं सगळं वाचून आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. सुटी म्हणजे मोकळा वेळ, असं सगळे धरून चालले आहेत. आमच्याकडे मे म्हणजे तेंदूपानांचा हंगाम. पहाटे चारला घरची सगळी माणसं जंगलात. दुपारी सावलीत बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं घेतात त्या जागी, मोजून द्यायचा. दोन-तीन आठवडे मिळतात, त्यावर पोरांची वह्या-पुस्तकं आणि पावसाळ्याचं रेशन. माझी भाची दहावीला आहे, हुशार आहे, तिला पुस्तकं हवी असतात. या दिवसांत ती दिवसाला हजारो पानं हाताळते, पण त्यांवर अक्षर नसतं.

तक्रार म्हणून लिहीत नाही. तिच्यासारखीनं सुटीत मोठं काही वाचायचं म्हटलं तर कसं, हे खरंच विचारते.

ओसरीवरची | ६ मे, रात्री १०.३०

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ गप्प बसले. माझ्या वर्गातली सहा मुलं आत्ता वीटभट्टीवर आहेत, आईबापांसोबत. त्यांच्यासाठी सुटी शब्दाचा अर्थ वेगळाच आहे, आणि मी ५० दिवसांचा हिशेब मांडताना ती माझ्या डोळ्यांपुढं नव्हती.

आज एक गोष्ट घडली, ती सांगते. पहिल्या दिवशी मी आणि लेक आतल्या खोलीत कूलरपुढं बसून मनात वाचत होतो. लेक आठव्या लीळेला पेंगली, मीही. आज लाइन गेली म्हणून ओसरीवर आलो. तिथं सासूबाई आणि शेजारच्या चौघी सरगुंडे करत होत्या. हात गुंतलेले, कान मोकळे. सासूबाई म्हणाल्या, "मोठ्यानं वाच वो, आमी बी आयकतो." लेकीनं वाचलं. मी मधे मधे शब्द सांगत गेले. सशाची लीळा आली, शिकारी मागं लागलेला ससा जिवाच्या भीतीनं स्वामींच्या आसऱ्याला येतो ती. एकीचे हात थांबले. म्हणाली, "मंग? सोडला का त्यायनं?" सोडला म्हटल्यावर पुन्हा सरगुंडा वळायला लागली.

तुमच्या पुडे बांधायच्या सावलीतही हात गुंतलेले आणि कान मोकळे असतील ना? भाचीनं वाचलं आणि बाकीच्यांनी तिच्या वाट्याचे पुडे बांधून दिले तर?

बगीचेवाला | ६ मे, रात्री ११.४०

आमच्या गावात याले पोथी लागली म्हनतात. आखाडापासून राती देवळात हरिविजय नाई तं पांडवप्रताप लागते. वाचनारा एक अन् अर्थ सांगनारा दुसरा. माहा बाप अर्थ सांगे. त्याले अक्षर वळखता येत नवतं, पन पोथी सगळी पाठ. ताई, तुमी ओसरीवर पोथीच लावली ना.

निवृत्त_मराठी | ७ मे, सकाळी १०.००

बगीचेवाले भाऊ, तुम्ही नेमकं ओळखलंत. या ग्रंथाचा उगमच असा आहे. अनेकांनी आठवलं, एकानं लिहिलं. आणि ऐकणारे कोण होते? बाइसा, महदाइसा, आउसा, उमाइसा. त्यांतल्या महदाइसेनं रचलेले धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, तर मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची रचना मानले जातात. नागदेवाचार्यांची एक आठवण स्मृतिस्थळ या ग्रंथात आहे. केशवदेवांनी संस्कृतात लिहायचं म्हटलं तर त्यांनी ते नाकारलं, कारण त्यानं त्यांच्या साध्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील. तुमच्या ओसरीवरच्या पाचजणी त्याच म्हाताऱ्यांच्या गावच्या आहेत, बाई.

पैनगंगा | ९ मे, दुपारी ३.१०

मी मूळची मेहकरची, आता बंगळूरला. एक भर घालू? या ग्रंथात आपला विदर्भ पानोपानी आहे. मेहकर आहे, लोणार आहे, भंडारा आहे, रामटेक आहे, आळजपूर म्हणजे आपलं अचलपूर आहे. भांडारेकार हे शिष्याचं नावच भंडाऱ्यावरून. महानुभावांनी तर स्थानपोथी म्हणून वेगळा ग्रंथ केला, स्वामी कुठं बसले, कुठं राहिले ते नोंदवणारा. त्या जागी आजही ओटे आहेत. मुलीला नकाशावर टिंब मारायला सांगा. माझ्या मुलाला मी लोणारचं सरोवर उल्कापातानं झालं हे शिकवत होते, ते कळल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "मग तिथं आधी कोण कोण येऊन गेलं?" मला फक्त यादवांचं नाव सांगता आलं. चक्रधरही तिथं आले होते, हे मला इथं वाचून आठवलं.

वणीचा_पोट्टा | ९ मे, संध्याकाळी ६.००

नकाशा आवडला. मीही करतो. मी यंदा ४० ठरवलीत, आज सहावं. त्यात नामदेव कांबळे यांचं 'राघववेळ' आणि सदानंद देशमुखांचं 'बारोमास' घेतलंय, दोघांनाही साहित्य अकादमी मिळालेलं आणि दोघेही आपल्या वऱ्हाडातले. म्हणजे नकाशावर माझी टिंबं वाशीम आणि बुलढाण्याला.

सरगुंडे | ११ मे, दुपारी २.३०

उन्हात वाचताना डोळे जळजळतात त्यावर कुणी काही सांगा. मी ओला पंचा खिडकीला लावते आणि माठ शेजारी. पन्ह्याचा तांब्या पुस्तकापासून दूर ठेवा. हे अनुभवाचं सांगते, आमच्या वाचनालयाचं एक पुस्तक कैरीच्या वासाचं झालंय.

कवेलू | ११ मे, दुपारी २.५०

पहाटे साडेचार ते सात. बाज अंगणातच असते, दिवा लागत नाही साडेपाचनंतर. दुपारी वाचायचा हट्ट सोडा. दुपार ऐकण्याची, पहाट वाचण्याची.

ओसरीवरची | १३ मे, रात्री ९.१५

नऊ दिवसांचा हिशेब देते. एकांक झालं, पूर्वार्ध सुरू आहे. दिवसाला बावीस होत नाहीत. दहा होतात, चौदा होतात, एका दिवशी तीनच झाल्या कारण तिसऱ्या लीळेवर बायांचं भांडण लागलं. शिष्यांपैकी एकजण अन्नावरून रुसतो, तर तो बरोबर की चूक यावर. तासभर. मी मधे पडले नाही.

ऐकणाऱ्या पाचच्या अकरा झाल्या आहेत. कुरडया, पापड, खारोड्या, ज्या घरी जे असेल तिथं आम्ही पुस्तक घेऊन जातो. दंडवत दादा, पाटावर धुतलेलं कापड घालूनच ठेवतो. काल 'बोनें' शब्द आला. मी यादीत शोधत होते, तेवढ्यात सत्तरीच्या एका आजी म्हणाल्या, "शोधतं काय, बोनं. देवीले बोनं नाई का देत आपन?" बावीस वर्षं भाषा शिकवून तो शब्द मला कोशात शोधावा लागला, आणि आजींच्या घरात तो रोजचा आहे.

बगीचेवाला | १३ मे, रात्री ११.१५

ताई, एक मांगू काय? पोरीचं वाचनं मोबाइलात भरून पाठवसान का? मी राती मोटरीपाशी आयकीन.

ओसरीवरची | १४ मे, सकाळी ८.००

नक्की, भाऊ. लेक खूश झाली. मागं बांगड्यांचा आणि पोळपाटाचा आवाज येईल, तेवढा चालवून घ्या.

पांढरकवडा_ते_पुणे | १५ मे, रात्री १०.२०

मलाही पाठवा. पुण्यात ट्रॅफिकमध्ये ऐकेन. आणि गुरुकुंजवाले दादा, तुमचं ते 'अर्थ त्याच्या वेळेनं येतो' चार दिवस डोक्यात फिरतंय. पूर्ण पटलेलं नाही. पण परवा गाडी चालवताना आजोबांच्या सप्ताहातली एक ओवी अचानक आठवली, अर्थासकट. म्हणून सांगितलं.

तेंदूपान | २८ मे, रात्री ७.३०

रेंज आज मिळाली. हंगाम संपला, हिशेब झाला. ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. लीळाचरित्र आमच्याकडे नव्हतं. भाचीच्या शाळेच्या पेटीत मारुती चितमपल्ली यांचं एक पुस्तक होतं, जंगलाचं. ते वनखात्यात होते, नवेगावबांधला त्यांनी बरीच वर्षं काढली. दुपारी मोहाच्या सावलीत भाची वाचायची, आम्ही पुडे बांधायचो. तिच्या वाट्याचे पुडे आम्ही बांधले. पक्ष्याचं नाव आलं की आमची म्हातारी माणसं गोंडीतलं नाव सांगायची. भाचीनं पुस्तकाशेजारी वही ठेवली आणि ती नावं लिहिली. ४६ झाली. पुस्तक एकच झालं, पण ही वही तिची स्वतःची आहे.

निवृत्त_मराठी | २९ मे, सकाळी ९.००

ताई, त्या वहीची एक प्रत काढून ठेवायला सांगा. झेरॉक्स, फोटो, काहीही. हे मी अगदी मनापासून सांगतो. मूळ प्रत एकच असली की काय होतं ते आम्ही म्हाइंभटांच्या पोथीत पाहिलंय.

कवेलू | २९ मे, रात्री ९.३०

नवतपा जोरात. आमच्याकडे ४५ च्या वर गेलं. सगळे सांभाळून राहा.

वणीचा_पोट्टा | १० जून, रात्री ८.००

३१ झाली. वडिलांसोबत वखरणीला जातोय, आता ४० होणार नाहीत. रेघा मात्र सुरूच ठेवल्यात. ओसरीवरच्या ताई, तुमच्या मुलीचे आवाज मीही मागून घेतले होते. मी म्हटलं होतं ती दमेल. १७ व्या आवाजानंतर ती 'आरोगणा' असं म्हणते जणू घरातलाच शब्द आहे. माझं चुकलं.

दंडवत_प्रणाम | ११ जून, सकाळी ६.१५

ताई, परवा रिद्धपूरला आलात असं कळलं. आमच्या आत्या तिथं होत्या. म्हणाल्या, अकरा बाया आणि एक मुलगी आल्या होत्या, आणि मुलगी राजमठात उभी राहून लीळा सांगत होती, पुस्तक न उघडता. आजी असती तर तिला हे फार आवडलं असतं.

ओसरीवरची | २२ जून, रात्री ९.५०

उद्यापासून शाळा. परवा वर्गखोली झाडून घेतली, वटवाघूळ निघालं.

ठरवलेलं ५० दिवसांत पूर्ण झालं नाही. पूर्वार्ध संपला, उत्तरार्धाच्या १३८ लीळा झाल्या. पुस्तकाची मुदत दोनदा वाढवून घेतली, वाचनालयाच्या ग्रंथपालांनी तिसऱ्यांदाही दिली आणि म्हणाले की ही प्रत आठ वर्षांत पहिल्यांदाच बाहेर गेली.

रिद्धपूरला गेलो ते खरं. एसटीनं गेलो, सगळ्याजणी. ज्या ठिकाणांची नावं महिनाभर ऐकली तिथं त्या हात लावून उभ्या राहिल्या. बोनं सांगणाऱ्या आजी ओट्यापाशी बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मुलीनं नकाशावर मेहकर, लोणार, भंडारा, रामटेक, अचलपूर अशी टिंबं मारलीत आणि लोणारला न्या म्हणून मागं लागली आहे.

वीटभट्टीवरची सहाही मुलं परत आली आहेत. शनिवारी दप्तराविना असतो, त्या दिवशी मी वर्गात सशाची लीळा घेणार, आणि भट्टीवर ऐकलेलं काहीही त्यांना सांगायला लावणार.

उरलेल्या लीळांचं काय करायचं ते मी विचारलं नव्हतं, सासूबाईंनीच ठरवलं. रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर, आणि आखाड लागला की देवळात. पुढाऱ्यांशी त्यांचं बोलणं झालंय. यंदा पोथी हीच लागणार.

सरगुंडे | २२ जून, रात्री १०.१०

ताई, लुगड्याचा रंग सांगा.

बगीचेवाला | २२ जून, रात्री १०.४०

ताई, १३९ वी कवा पाठवता? आज अकराले लाइन हाये.